रंजीता सिडामचा उजवा कोपर

रंजीता सिडाम माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून आली, तेव्हा तिच्या खांद्याला दोन पिशव्या होत्या. एक तिकिटाची, सगळ्या कंडक्टरांची असते तशी. दुसरी लांबोळकी, जाड कापडाची, छत्रीच्या खोळीसारखी. मला वाटलं, कुणाला काही पोचवायला आणलं असेल. पोंभुर्ण्याला गाडी लागली. पुढच्या फेरीला पन्नास मिनिटं होती, म्हणून मी चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर बसस्थानकाच्या मागच्या मोकळ्या जागेत ही बाई खाकी ड्रेसवरच उभी, आणि दोन्ही हातांतल्या काठ्या अशा फिरवतेय की काठ्या दिसतच नाहीत. नुसता आवाज. भिंतीवर बसून पाच-सहा माणसं बघत होती. भजेवाला इसरू तर झारा हातात घेऊनच उभा होता.

"हे काय व्हय बाई?" मी विचारलं.

"आर्निस," ती म्हणाली. घाम पुसला. "फिलिपिन्सची काठी, लहानूभाऊ. आपल्या लाठीहून आखूड. लाठी माणसाले दूर ठेवते, इच्यात जवळ जा लागते."

मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होतो. तीस वर्षं स्टेअरिंग धरून कंबर गेलेली. चंद्रपूर-पोंभुर्णा रस्त्यावर मी बिबट, अस्वल, नवरदेवाची घोडी असं सगळं पाहिलं होतं, पण फिलिपिन्स काही पाहिलं नव्हतं. ते कुठं आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

मग हळूहळू तिनं सांगितलं. फेऱ्यांच्या मधल्या वेळात चालक-वाहकाला बोलण्याशिवाय दुसरं काय काम. तिचं गाव पोंभुर्ण्यापासून दहा-बारा किलोमीटर आत. बाप बुधू, दोन एकर धानाचा, उन्हाळ्यात मोह आणि तेंदू. आई रुखमा बांबूचे तट्टे विणायची. बारावीनंतर ही भद्रावतीला मावशीकडं राहून कॉलेज करू लागली. मावशीच्या घराजवळ बुद्धविहार, आणि त्याला लागून एक हॉल. रविवारी सकाळी त्या हॉलमधून टकटक टकटक आवाज यायचा. एका रविवारी ही बघायला गेली, आणि तिथंच अडकली.

शिकवणारे होते अश्विन निमसरकार. भद्रावतीचेच. अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होते. जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिन्सचे. त्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशानं त्यांना रिकाम्या डेकवर ही विद्या शिकवली. सर जहाज सोडून परत आले, ते काठ्यांचा एक गठ्ठा घेऊनच. मुलांना ते तिकडच्याच भाषेत आकडे म्हणायला लावत, ईसा, दालावा, तातलो. दोन काठ्यांच्या खेळाला तिकडं सिनावाली म्हणतात. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, की बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांवरून ते नाव पडलं. एक काठी वरून, एक खालून, पुन्हा उलट.

"मी हासलीच," रंजीता मला म्हणाली. "मी म्हटलं सर, हे तं माही माय रोज करते." आणि बाकीची पोरं महिनाभर जिथं अडखळत होती, ते तिला दुसऱ्याच रविवारी जमलं.

सरांचा एक नियम होता. जितका वेळ काठी, तितकाच वेळ शरीर. अर्धा तास वार, तर अर्धा तास मनगटं फिरवणं, खांदे मोकळे करणं, पाठ ताणणं, सावकाश श्वास. झोप पुरेशी, जेवण वेळेवर. दुखलं तर थांबायचं. रंजीतानं त्यातला पहिला अर्धा तास घेतला आणि दुसरा सोडून दिला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या वयात कोण मनगटाची विचारपूस करतं? पुढं नोकरी लागली, चंद्रपूरला खोली घेतली. आता तर पन्नास मिनिटं मिळायची, त्यात डबाही खायचा. ती ताणायबिणायच्या भानगडीत न पडता सरळ वारांना भिडायची. मग घाईघाईनं चार घास, की घंटी मारली.

त्यात काठ्यांचा प्रश्न. खरी काठी वेताची. हलकी असते, आदळली की धक्का स्वतःत जिरवते. सरांनी दिलेली जोडी झिजून कुसं निघायला लागली. वेत आपल्याकडं मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो. रंजीतानं गावाकडून मानवेलाच्या भरीव बांबूच्या काठ्या करून घेतल्या. बापानं त्या विस्तवावर शेकून, तेल पाजून दिल्या. दिसायला सुरेख, पण वजनाला दीडपट. आणि टणक अशा, की आदळल्या की झिणझिणी थेट खांद्यापर्यंत. सरांनी त्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "बाई, ह्या काठ्या मारणाऱ्यालेच मारतीन."

"सवय होते सर," ही म्हणाली.

तिला घाई होती. नागपूरला जानेवारीत राज्याची निवड स्पर्धा व्हायची. तिचा गट पस्तीसच्या आतला, आणि ती मे महिन्यात पस्तीसची होणार होती. आधी दोनदा गेली होती. एकदा उपांत्य फेरीत हरली, एकदा लग्नसराईत रजाच मिळाली नाही. म्हणजे ही शेवटची.

दिवाळीनंतर तिचा उजवा कोपर दुखायला लागला. आधी नुसता सकाळी. मग तिकीट मशीन धरताना. गाडीत वरचा दांडा पकडला की तोंड वाकडं व्हायचं. मी आरशात बघायचो.

"दाखव ना कोणाले तरी," मी म्हणायचो.

"तुमी दाखवली का कंबर?"

खरं तर मी दाखवली होती. बायकोनं रागावून मला स्वाती मॅडमकडं नेलं होतं, चंद्रपूरला त्यांचा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना आहे. चार महिने व्यायाम केला, तेव्हा कुठं मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. मी तेच सांगायला गेलो, तर म्हणाली, "तुमचं वय झालं भाऊ."

डिसेंबरात ती एका डॉक्टरकडं गेली. त्यांनी कोपर दाबून बघितला आणि टेनिस एल्बो म्हणून सांगितलं. सहा आठवडे हाताला आराम.

"टेनिस!" ती गाडीत येऊन फणफणली. "म्या जिंदगीत टेनिस पाह्यलं नाई, अन् मले टेनिसचा रोग! सहा हप्ते कुठून आणू? स्पर्धा पाच हप्त्यावर आहे."

तिनं दुसरा डॉक्टर गाठला. मागणी स्वतःच केली, इंजेक्शन द्या. त्यांनीही बजावलं होतं, दुखणं गेलं तरी हात बरा झाला असं समजू नका. तिनं पहिलं अर्धं वाक्य ऐकलं. दुखणं चार दिवसांत गेलं, आणि आमच्या बाईला पंख फुटले. पोंभुर्ण्याच्या स्थानकामागं सकाळच्या फेरीला एकदा, दुपारी एकदा, घरी जाऊन पुन्हा. तेही त्याच मानवेलाच्या काठ्यांनी. मी एक दिवस म्हटलं, जरा दम खा. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

स्पर्धेला नऊ दिवस राहिले असताना तिनं जुन्या टायरवर उजव्या हाताचा एक वार घातला आणि काठी हातातून गळून पडली. ओरडली वगैरे नाही. उचलायला वाकली, बोटं काठीभोवती मिटली, पण काठी वर येईना. तिनं तीनदा बघितलं. मग डाव्या हातानं दोन्ही काठ्या खोळीत घातल्या आणि गाडीत येऊन मागच्या सीटवर बसली. इसरूनं तिच्यासाठी भजी पाठवली होती. ती तशीच थंड झाली.

नागपूरला ती गेलीच नाही. स्पर्धेच्या दिवशी ड्यूटीवर होती. डाव्या हातानं मशीनची बटणं दाबत, चुकत, पुन्हा दाबत. घरी तिला कपडे पिळता येत नव्हते, भाकरी थापता येत नव्हती, चहाचं पातेलं उचलायला दोन हात लागत होते. या सगळ्यानं ती रडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली. प्रवाशांवर, माझ्यावर, गाडीच्या खडखडणाऱ्या खिडक्यांवर. म्हातारीनं सुट्टे शोधायला वेळ लावला तरी अंगावर जायची. एकदा मी हॉर्न जास्त वाजवला म्हणून भांडली.

सरांनी तिला भद्रावतीला बोलावून घेतलं. म्हणाले, "उजवा गेला, डावा आहे ना? ये. पहिल्यापासून सुरू कर." तिला वाटलं, दोन काठ्या खेळणारीचा डावा हात म्हणजे तयारच. पण सिनावालीत डावा उजव्याच्या आधारानं चालतो. एकटा पडला की त्याला काही सुचत नाही. सरांनी तिला नवख्यांच्या रांगेत उभं केलं. समोर दिली हर्षा. अकरावीतली पोरगी, जिला रंजीतानंच रविवारी रविवारी घडवलं होतं. पोरगी बिचारी भीत भीतच खेळत होती. तरी तिसऱ्या फटक्याला तिनं रंजीताच्या मनगटाला वळसा दिला आणि काठी काढून घेतली. शिकवलेलं तसंच्या तसं.

"सॉरी ताई," हर्षा म्हणाली.

"सॉरी कायले म्हणतं? चांगलं तं केलंस!" रंजीता ओरडली, आणि चप्पल घालून हॉलमधून बाहेर पडली. पाच महिने तिकडं फिरकली नाही. हे मला नंतर सरांनी सांगितलं. तिनं तेव्हा फक्त एवढं सांगितलं होतं, की वर्ग बंद आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडीतला प्रकार झाला. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. मधल्या वाटेत एका माणसानं दोन पोती टाकली होती. अंगानं आडवा, थोडी घेतलेली. रंजीतानं पोती मागं सरकवायला सांगितली. तो ऐकेना. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं तिच्या हातातलं मशीन ओढलं. मुद्दाम मारायला म्हणून नव्हे, नुसतं झटकल्यासारखं. पण मशीनचा पट्टा तिच्या उजव्या हाताला गुंडाळलेला होता. हात पिरगळला आणि ती मटकन खाली बसली. पोत्यावरच. मशीन पायऱ्यांवर जाऊन पडलं.

मी गाडी बाजूला घेतली. या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं, ही काठीवाली बाई आहे. स्थानकामागं तिला फिरताना सगळ्यांनी पाहिलेलं. आता ती उठून या माणसाला दाखवणार, असंच सगळे वाट बघत होते. ती उठली नाही. कोपर पोटाशी धरून बसून राहिली. तोंड पांढरं पडलेलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं शिकून काय फायदा?" आणि दोघं-तिघं हसले.

तो माणूसच घाबरला. मशीन उचलून आणून दिलं, हात जोडले, पोती स्वतः मागं नेली. तक्रार करायची का, मी विचारलं. ती म्हणाली, "चला भाऊ, उशीर होऊन राह्यला."

पोंभुर्ण्याला पोचल्यावर ती केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

"पंधरा वर्ष, लहानूभाऊ. पंधरा वर्ष शिकली. अन् माह्याच्यानं एक मशीन नाई धरल्या गेली."

"बाई, हात दुखून राह्यला तुहा. विद्येचं काय त्याच्यात?"

"हात नाई तं विद्या कायची?" ती माझ्यावर उखडली. "सरांनं सांगतलं होतं. अर्धा तास देहाले दे. म्या नाई देल्ला. कोणाचं नाव घेऊ आता? त्या दारुड्याचं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मी तिच्या खोलीवर गेलो आणि माझ्या मोटारसायकलवर बसवून तिला स्वाती मॅडमकडं घेऊन गेलो. ती मुकाट्यानं बसली, यावरूनच तिची अवस्था समजा.

स्वाती मॅडम बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी तिला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दिली. हात टेबलावर टेकवायचा, पंजा खाली, डाव्या हातानं उजवं मनगट वर उचलायचं, आणि मग बाटलीसकट सावकाश खाली सोडायचं. पाच आकडे मोजत. पंधरा वेळा. दिवसातून तीनदा. पुढं ओला टॉवेल पिळायचा, तोही सावकाश. खांद्याच्या पात्याचे दोन व्यायाम. रात्री आठ तास झोप.

"बस?" रंजीता म्हणाली.

"बस."

"किती दिवस?"

"चार महिने धरा. सहाही लागतील."

बाहेर येऊन ती म्हणाली, "हे का व्यायाम व्हय? हे तं लहान लेकराले खेळवाचं काम." पण दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याला तिनं डब्याच्या पिशवीतून बाटली काढली.

ते दिवस मला चांगले आठवतात, कारण त्यांत बघण्यासारखं काहीच नव्हतं. भिंतीवरची माणसं दोन दिवस आली, बाई बाकावर बसून बाटली खाली-वर करते एवढंच दिसलं, आणि निघून गेली. एप्रिलमध्ये आमच्याकडं ऊन कसं असतं सांगायला नको. पत्रा तापलेला, बाकही तापलेला, आणि ही पाचपर्यंत मोजतेय, ईसा, दालावा, तातलो. दर चार दिवसांनी बाटली फेकून द्यायची. "काई फरक नाई!" मी उचलून आणायचो. एकदा तिनं उत्साहात पंधराऐवजी चाळीस वेळा केलं आणि आठवडाभर पुन्हा मागं गेली. मॅडमनी झापलं. त्या दिवशी परतीच्या फेरीत एका प्रवाशाला तिनं दोन तिकिटं जास्त दिली, इतकं तिचं डोकं फिरलं होतं.

मे महिन्यात ती पस्तीसची झाली. मी पेढे आणले होते. तिनं एक खाल्ला आणि म्हणाली, "झालं. आता म्हाताऱ्यात."

जूनमध्ये पातेलं एका हातानं उचललं गेलं. ते तिनं मला फोन करून सांगितलं, आणि लगेच, "पण दुखते अजून," असंही. जुलैत ती भद्रावतीला परत गेली. हर्षाला काय म्हणाली ते ठाऊक नाही, पण दर रविवारी डाव्या हातानं तिच्याकडूनच शिकायला लागली. सरांनी कुठून तरी वेताच्या दोन काठ्या मागवून दिल्या. मानवेलाच्या काठ्या तिनं गावाला नेऊन आईला दिल्या. रुखमाबाईनं त्या वेलाला टेकू लावायला वापरल्या.

जानेवारी आला. तिच्या गटात, म्हणजे पस्तीसच्या वरच्या बायकांत, नागपूरला नाव घालायचं की नाही यावर ती महिनाभर कुरकुरत होती. सर म्हणाले, "डाव्या हातानं खेळ." ती म्हणाली, हसतील लोक. तरी गेली. मीही गेलो, रजा टाकून. इतकं सगळं बघून स्पर्धा न बघणं मला बरं वाटेना.

तिथं पोचल्यावर कळलं, तिच्या गटात एकूण तीन बायका.

काठ्यांना फोम गुंडाळलेला, डोक्याला जाळीचा टोप, अंगाला जाड पट्टे. पहिली लढत दीड मिनिटात संपली. समोरची पुण्याकडची, चपळ, रंजीताला काही कळायच्या आत गुण घेऊन गेली. दुसरी लढत अमरावतीच्या एका शाळामास्तरणीशी. तीही गेली. पण त्या लढतीच्या तिसऱ्या फेरीत एकदा त्या मास्तरणीनं डोक्यावर वार उगारला, आणि रंजीता मागं सरकण्याऐवजी पुढं गेली, अगदी जवळ, आणि डाव्या हातानं तिच्या मनगटावर असा आडवा फटका दिला की तिची काठी मैदानाबाहेर उडाली. पंचांनी झेंडा वर केला. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. कंबरेची आठवण मला खाली बसताना झाली.

बस, तेवढंच. दोन्ही लढती हरली. पण तिघींत तिसरी आली, म्हणून नियमानं तिला कांस्यपदक मिळालं.

ते पदक तिनं गळ्यात घालून घेतलं आणि स्टेजवरून उतरताच पिशवीत टाकलं. परतीच्या गाडीत बसलो, नागपूर सुटलं. मग एकदम म्हणाली, "तीन जणीत तिसरी म्हणजे शेवटची ना, भाऊ?"

"पदक तं आहे."

"लोखंडाले पॉलिश मारलं ते." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

पण बातमी तिच्या आधी पोचली होती. डेपोतल्या मंडळींनी शाल, नारळ, गुलाबाचा हार असं सगळं आणून ठेवलं होतं. राज्यातून तिसरी, असं पाटीवर खडूनं लिहिलेलं. मी नको नको म्हणत होतो, तोवर तिला पुढं उभं केलं. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला.

"आमी तिघीच होतो," ती म्हणाली. "मी दोन्ही लढती हारली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय विनय आहे, असं माझ्या शेजारचा म्हणाला. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जो वैताग होता तो मी अजून विसरलो नाही. तिला ओरडून सांगायचं होतं, हे खरं आहे, मी खरंच हरली. पण शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, आणि माणसं चहाकडं वळली.

संध्याकाळी मी तिला खोलीवर सोडलं. उतरताना तिनं डावा हात पुढं केला, मनगटातून आडवा फिरवला, पुन्हा फिरवला. तिला काहीतरी आठवत होतं.

"तो एक वार, लहानूभाऊ. तुमी पाह्यला ना?"

"पाह्यला."

"तो बराबर पडला होता. बाकी सगळं चुकलं. पाय तं दगडावानी होते. उद्यापासून पायाचं पाहा लागते."

एवढं बोलून ती जिना चढून गेली. नारळ माझ्या मोटारसायकलच्या डिकीतच राहिला.